कातळ वजा जाता

उंबरटेप, पेटा मुळशी
१८ डिसेंबर १९५७

॥ श्री ॥

चि. चंद्रास,
जयसिंगचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे आई, आबा, गुरंढोरं सगळी खुशाल. तिकडची खुशाली तुझ्या हातच्या चार ओळींनी कळव.

आधी खाली बस, मग पुढचं वाच. भातपीक स्पर्धेत सबंध मुळशी पेट्यात आपल्या आबांचा पहिला नंबर आला! परवा ग्रामसेवक सायकल ढकलत टेपावर आले आणि अंगणातूनच ओरडले. आबा गोठ्यात शेण काढत होते. ते तसेच बाहेर आले आणि कुणाचा नंबर, कुणाचा, असं तीनदा विचारलं. आईला वाटलं, कुणीतरी गेलं. तिनं रडायलाच सुरुवात केली. मग खरं कळल्यावर आणखी रडली.

एकरी चौसष्ट मण पडलं, म्हणे. पंधरा गुंठ्यांत चोवीस मण. जपानी पद्धतीनं दोरी लावून लावणी केली तेव्हा खालच्या गावचे लोक आबांना हसत होते, ते तुला आठवत असेल. आजोबांची चांगली जमीन तलावात गेली तेव्हापासून आपण त्यांच्या लेखी टेपावरचे दगडफोडे. आता तेच लोक नारळ घेऊन चढ चढून येतात. हैबतराव पाटील काल आपल्या ओट्यावर बसून चहा प्यायले.  आबा नुसते पटका सारखा करत राहिले.

दुसरा नंबर आपल्याच वाडीतल्या भिवाजीकाकाचा. एकरी सत्तावन्न मण. त्यालाही आनंद आहे, पण तोंड जरा आंबट. फेब्रुवारीत पौडाला समारंभ आहे. पुण्याचे शेतकी अधिकारी येणार, आबांना लोखंडी नांगर आणि ढाल देणार.

आता तुझं काम. ट्रेनिंग कॉलेजात गणिताच्या बाईंनी घरचं एखादं वेडंवाकडं शेत मोजून आणायला सांगितलं म्हणतेस, तर ह्या मानाच्या खाचरापेक्षा दुसरं कुठलं पाठवू? शाळेतली फीत आणून ओढ्याचं खाचरच मोजलं. मधला चौकोन लांब एकशे बत्तीस फूट, रुंद नव्व्याण्णव. डोंगराकडे त्या रुंदीवर त्रिकोण बसतो, त्याची उंची सहासष्ट. आणि ओढ्याच्या अंगाला आपली अर्धी भाकर, म्हणजे आबांनी दगड लावून भराव घातला तो अर्धगोल तुकडा. ती बांधाला लागते तिथं चौऱ्याऐंशी फूट भरली. बाईंना सांग, पेट्यातलं पहिलं खाचर आहे. मान देऊन मोजा म्हणावं.

आई विचारते, खाणावळीतली भाकरी घशाखाली उतरते का. थंडीत डोक्याला बांधत जा. मास्तरीण झालीस तरी आमच्यावर लोभ ठेव, छडी ठेवू नकोस.

तुझा
जयसिंगदादा


पुणे
२७ डिसेंबर १९५७

॥ श्री ॥

ति. दादास,
चंद्राचा सा. न. वि. वि. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी वसतिगृहात नाचले. खोलीतल्या मुलींना गूळ वाटला. आबांचं नाव प्रत्येकीला सांगितलं. आज मात्र हे पत्र लिहिताना लाज वाटतेय.

काल गणिताचा तास होता. बाईंनी माझंच खाचर फळ्यावर काढायला घेतलं. मी उभी राहून सांगितलं की माझे वडील पेट्यात पहिले आलेत आणि हे ते पंधरा गुंठ्यांचं खाचर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग बाईंनी खडू माझ्या हातात दिला आणि आकृती तोडायला सांगितली. शिकवलंय तसंच मी केलं. आधी चौकोन, तो बरोबर बारा गुंठे आला. मग त्रिकोण, तो तीन. तिथंच पंधरा झाले, दादा. आणि भाकर अजून बाकी होती.

मी अर्धवर्तुळाचं गणित मांडत होते आणि मला कळत होतं की काहीतरी भयंकर होतंय, पण हात थांबेना. अडीच गुंठ्यांहून थोडी जास्तच भरली भाकर. एकूण साडेसतरा. मागून एका मुलीनं अगदी सरळपणानं विचारलं की मग पंधरा कुठून आले.   बाईंनी फळा पुसला. तास संपल्यावर मला जवळ घेऊन म्हणाल्या की गणित तुझं बरोबर आहे, बाकीचं तुमच्या घरचं आहे.

दादा, मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. साडेसतरा गुंठ्यांत चोवीस मण म्हणजे एकरी पंचावन्नसुद्धा पुरतं होत नाही. मग पहिला नंबर आपला नाही, भिवाजीकाकांचा आहे.

तू मला ताबडतोब लिही की भाकरीवरचं भात वेगळं झोडलं होतं, ते चोवीस मणांत धरलेलंच नाही. एवढंच लिही. मला जेवण जात नाही. मी त्या मुलींना गूळ का वाटला, असं झालंय.

आईला यातलं काही सांगू नकोस. आबांना तर नकोच. त्यांना आणि आईला माझा नमस्कार. तुझी माया आहेच, पण या वेळी मायेआधी उत्तर पाठव.

तुझी
चंद्रा


उंबरटेप
४ जानेवारी १९५८

॥ श्री ॥

चि. चंद्रास आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचलं. ओढ्यावर जाऊन एकटाच बसून राहिलो. मग तुझाच राग आला. आम्ही पोटाला चिमटा घेऊन तुला शिकायला पाठवलं ते घराच्या भिंती मोजायला का? कुणी सांगितलं होतं वर्गात बापाचं नाव घ्यायला?

भात वेगळं झोडलं नव्हतं. सगळं एकाच खळ्यावर, एकाच ढिगात. मोजणीच्या दिवशी झिमझिम पाऊस होता. ग्रामसेवक जुन्या बांधावर उभे राहिले, साखळी मी धरली, आबा समोर होते. भाकर बांधाच्या पलीकडे. जुन्या नकाशात ती नाहीच, कारण तीन वर्षांमागे तिथं ओढा होता. त्यांनी बांधापर्यंत मोजलं, आकडा टिपला आणि छत्री उघडून निघाले. कुणाच्या मनात काही नव्हतं. माझ्या नव्हतं, आबांच्या तर नव्हतंच. शपथेवर सांगतो.

पण आता काय करायचं? काल आबा खालच्या गावाला गेले तर देवळात त्यांना पुढं बसवलं. पन्नाशी उलटल्यावर त्या माणसाला पहिल्यांदा कुणीतरी पुढं बस म्हणालं, चंद्रे. मी त्यांना हे सांगू शकत नाही.  ते चित्र तू फाडून टाक आणि बाईंना सांग की भावाची फीत चुकली.

आईनं एस.टी.च्या ड्रायव्हरकडे सांडगे दिलेत, स्टँडवरून घेऊन ये. मी रागानं लिहिलंय. राग निवळेल. तोवर लोभ तूच जास्त ठेव.

तुझा
जयसिंग


उंबरटेप
१२ जानेवारी १९५८

॥ श्री ॥

चि. चंद्राबाईला आबाचा लई लई आशीर्वाद. साक्षरतेच्या वर्गात शिकलेल्या अक्षरानं लिवतोय. वेडंवाकडं हाय, लावून वाच.

जयसिंग दोन दिस जेवला न्हाई. तवा तुज्या आईनं त्याच्या पोटातलं समदं काडून घेतलं आन मला सांगितलं. ऐकून मी तितंच खाली बसलो.  आई पानी पाजायला लागली, त्येबी मिशीवरनं खाली गेलं.

पोरी, ती भाकर मी माज्या हातानं केली. ओढ्यातनं दगड काडलं, तीन उन्हाळं डोईवरनं माती घातली. आन माज्याच ध्यानात आलं न्हाई की ती मोजली न्हाई? मोजताना मी समूर उबा व्हतो. लोकाला मी काय सांगू? मी चोर न्हाई, पर चोरीचा माल घरात सापडावा तसं झालंय मला. लोक येत्यात, पाया पडत्यात, आन मला वाटतंय धरनी फाटावी.

दुसऱ्या दिशी मी फीत घेऊन सोता मोजलं. तुजं बराबर हाय. मग तसाच चालत पौडाला गेलो आन ग्रामसेवकाला म्हनलं, पुन्यांदा मोजा. त्यो पांढराफट पडला. म्हनला, आबा, निकाल लागला, वर कळवलं, आता गप ऱ्हावा, कोन बघतंय. मी म्हनलं, निकाल तुमचा असंल, खाचर माजं हाय. आन भिवाजीचंबी मोजा, उगा त्येच्यावर अन्याव नगं. तवा त्यो व्हय म्हनला.

तू रडू नगंस. तू फकस्त बेरीज केलीस. जयसिंगानं तुला वंगाळ लिवलं त्येबद्दल त्येला मी बोललोय. आई दोन दिस झालं नुसती चूल फुकतीया. तिचाबी आशीर्वाद.

ममता हाय ती हायच, ती काय फितीनं मोजायची न्हाई.

तुजा आबा
गेणबा


उंबरटेप
२ फेब्रुवारी १९५८

॥ श्री ॥

चि. चंद्रास अनेक आशीर्वाद. वि. वि. मागच्या पत्राचं मनावर घेऊ नकोस. आज जे घडलं ते ऐकलंस तर तो राग वगैरे सगळं तू विसरशील. मी अजून भानावर आलेलो नाही.

पौडाहून मोजणीदार आले, बरोबर ग्रामसेवक. सगळी वाडी बांधावर जमली, खालच्या गावचेही आले. आधी आपलं खाचर. चौकोन झाला, त्रिकोण झाला. मग आबा स्वतः पुढे होऊन साखळीचं टोक भाकरीच्या कडेला घेऊन गेले. मोजणीदारांनी गणित केलं. साडेसतरा.  आबांनी हात जोडून सगळ्यांना सांगितलं की हे माझ्याकडून राहिलं, पहिला नंबर माझा नाही.  आई पदरात तोंड घालून घरी गेली. मला वाटलं, संपलं.

मग सगळे भिवाजीकाकाच्या खाचरावर गेलो. काकाची छाती दोन वीत पुढे. ते खाचर तू पाहिलंयस, साधा लांबट चौकोन, चौदा गुंठ्यांचा, पण पूर्वेच्या अंगाला मोठा गोल कातळ, ज्यावर ते खळं करतात. मोजणीदारांनी विचारलं की इथं काय पेरता. लोक हसले, कातळावर काय पेरणार? तेव्हा ते म्हणाले की मग हा वजा जाईल. भिवाजीकाका उसळला. माझी जमीन कमी का करता म्हणून भांडायला लागला! त्याला वाटलं, जमीन कमी झाली की नंबर जाणार. कातळ आरपार छप्पन्न फूट भरला. तो वजा गेल्यावर लावणीची जमीन उरली पावणेबारा गुंठे. आणि तेवढ्यात वीस मण भात.

मोजणीदारांनी गणित केलं, खोडलं, पुन्हा केलं. मग चष्मा काढून भिवाजीकडे बघत राहिले. एकरी अडुसष्ट मण, चंद्रे! आबांचा तो चुकीचा आकडासुद्धा खाली राहिला. ग्रामसेवक म्हणाले की एवढं त्यांनी जिल्ह्यात ऐकलेलं नाही.

पण खरा धक्का पुढे होता. असं पीक निघालं तर पद्धत लिहून घ्यावी लागते म्हणून मोजणीदार भिवाजीला विचारू लागले. रोप किती दिवसांचं लावलं, दोन ओळींत अंतर किती, खत कधी दिलं. काका नुसता इकडेतिकडे पाहत राहिला. त्याला एकही उत्तर येईना. आणि आमच्या सगळ्यांच्या माना आपोआप कातळाकडे वळल्या. तिथं सारजाकाकू खळं झाडत होती.

ती भिवाजीच्या मेलेल्या थोरल्या भावाची बायको, एवढंच आपण तिला ओळखत होतो. त्या खाचरात भिवाजीनं कधी पाय बुडवलेला मी तरी पाहिलेला नाही. गादीवाफा तिचा, लावणी तिची, कोळपणी तिची. मला हे माहीत होतं, आबांना माहीत होतं, वाडीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. रोज येताजाता बघत होतो की! तरी दुसरा नंबर भिवाजीचा आला तेव्हा आमच्यातल्या एकालाही ते खटकलं नाही. आबा म्हणाले, तिला विचारा. तिनं केरसुणी खाली ठेवली आणि एकेक सांगत गेली. मोजणीदारांचा हात लिहून थकला.

घरी आल्यावर आबा एवढंच म्हणाले की आपली अडीच गुंठ्यांची भाकर दिसली नाही म्हणून मी रडत होतो, आणि इथं अख्खी बाई दिसली नव्हती.

नाव अजून भिवाजीचंच आहे. अर्ज त्याच्या नावचा. तू धाकटी, तेव्हा आशीर्वाद मागत नाही, पण माया असू दे.

तुझा
दादा


पुणे
९ फेब्रुवारी १९५८

॥ श्री ॥

ति. दादास सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. मैत्रिणीनं हलवलं तेव्हा कळलं की तासाची घंटा झालीय. सारजाकाकू! मी लहान असताना ती मला तिच्या पाठीवर बसवून ओढा ओलांडायची. तिला कधी कुणाशी चार वाक्यं बोलताना ऐकलेलं मला आठवत नाही.

मी बाईंना सगळं सांगितलं. आबांनी स्वतः साखळी धरली हे ऐकून त्यांनी डोळे पुसले. मग त्यांनी वर्गात कातळाचं गणित घातलं. आधी सगळ्या मुलींनी बेरीज केली, कारण आम्हाला बेरजेचीच सवय. वजा करायचं असतं हे एकीच्याही लक्षात आलं नाही.

पौडाला नाव कुणाचं पुकारणार? मला यायचं होतं, पण माझे सरावाचे पाठ त्याच आठवड्यात आहेत. तू डोळे उघडे ठेव आणि सगळं जसंच्या तसं लिही, नेहमीसारखं आटपतं घेऊ नकोस. आबांच्या जिवाला फार लागलंय का, तेही खरं सांग. आईला म्हणावं, सांडगे पोचले आणि संपलेही. सगळ्यांचा लोभ हवा आहे, आणि आणखी सांडगे.

तुझी
चंद्रा


उंबरटेप
२५ फेब्रुवारी १९५८

॥ श्री ॥

चि. चंद्रास अनेक आशीर्वाद. वि. वि. जसंच्या तसं लिही म्हणालीस, तर वाच. 

परवा पौडाला मांडव खच्चून भरला होता. पिरंगुटापासून ताम्हिणीपर्यंतची माणसं. पहिला म्हणून भिवाजीचं नाव पुकारलं. तो मागून आणलेला कोट घालून उठला. तेवढ्यात आपले आबा उभे राहिले. आबा, चंद्रे, ज्यांना चार लोकांत बोलायचं म्हणजे घाम फुटतो! ते मोठ्यानं म्हणाले की सायेब, चुकीच्या मोजणीनं हा मान आधी माझ्या घरी आला होता, मी परत केला. आता चुकीच्या नावानं तो दुसऱ्या घरी जाऊ देऊ नका. ज्या बाईनं हे भात लावलं ती तिकडं मागं बसलीय.

 भिवाजी अर्ध्या वाटेत तसाच उभा. अधिकाऱ्यांनी ग्रामसेवकांकडे पाहिलं, त्यांनी होय म्हणून मान हलवली. मग बायकांच्या घोळक्यातून सारजाकाकूला अक्षरशः ढकलत पुढे आणलं. तिच्या हातात ढाल दिली तर ती तिला परातीसारखी धरून उभी राहिली. अधिकाऱ्यांनी कौतुकानं विचारलं की बाई, एवढं पीक काढलंत, यातली युक्ती काय. ती म्हणाली, मला दुसरं खाचरच न्हाई सायेब, मग ध्यान जानार कुटं? लोकांनी टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला.

आता ती खाली उतरेल असं सगळ्यांना वाटलं. अधिकारी सहज म्हणाले की आणखी काही बोलायचंय का. आभार मानायची रीत असते ना, म्हणून. सारजाकाकूनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, व्हय, बोलायचंय. माजा नवरा जाऊन बारा सालं झाली. त्या खाचरात त्याचा निम्मा वाटा हाय. आता मोजता येतं ते समद्यांनी पायलंय. तर माजा वाटा मला मोजून द्या.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.  अधिकाऱ्यांच्या हातातला हार तसाच लोंबत राहिला. हैबतराव पाटलांनी कपाळाला हात लावला. भर सभेत, पुण्याच्या सायबासमोर, विधवा बाईनं दिराकडे वाटणी मागितली! भिवाजीचं तोंड राखेसारखं झालं. तो कोटासकट मांडवातून निघून गेला.

आम्ही वाडीत पोचलो तेव्हा सारजाकाकूचं गाठोडं, तवा आणि पाटा अंगणात फेकलेला होता. दार आतून लावलेलं. ती सामान गोळा करायला वाकली.  आईनं मला बाजूला सारलं, पाटा उचलून कमरेवर घेतला आणि तिला म्हणाली की चल, आमच्यात चूल मोठी हाय. तेव्हापासून ती आपल्याकडे आहे.

पंच बसले. वारशाचा नवा कायदा बायकांच्या बाजूचा आहे हे पाटलांनाही ठाऊक होतं. सरकारी कागद होईल तेव्हा होईल, त्यात जमिनीच्या तुकडेबंदीचा कायदा आडवा येतो म्हणतात, पण बांध तरी घालू असं ठरलं. भिवाजी शेवटी कबूल झाला. पण म्हणतो की मधोमध दोरी टाका, कातळाकडचा भाग तिचा.  घरी येऊन आबा मला म्हणाले, चंद्रीला लिही. कातळ वजा करून निम्मं कसं करायचं ते तिला येतं.

तर चित्र काढून पाठव. माप सोबत लिहिलंय. फाडून टाक म्हणून लिहिलं होतं तेही ह्याच हातांनी. लोभ कमी केला नसशील अशी आशा.

तुझा
दादा


पुणे
८ मार्च १९५८

॥ श्री ॥

गं. भा. सारजाकाकूस,
चंद्राचा सा. न. वि. वि. हे पत्र दादा तुला वाचून दाखवेल. तुझ्या सभेतल्या बोलण्यानं इथं आमच्या वसतिगृहात दोन रात्री दुसरा विषय नव्हता. मी तर ते वाचून उभीच राहिले होते.

काकू, तुझ्या खाचराचं चित्र काढलंय. चौकोन काढला, त्यातून कातळाचा गोल कापून टाकला. उरलं तेवढंच लावणीचं. त्याचे दोन सारखे भाग करायचे. मधोमध दोरी टाकली तर भिवाजीकाकांना सात गुंठे मिळतात आणि तुला पावणेपाचसुद्धा नाहीत, कारण तुझ्यातलं बाकीचं कातळानं खाल्लंय. दोघांना सारखं मिळायचं तर बांध मधल्या खुणेपासून साडेबारा फूट त्यांच्या बाजूला सरकला पाहिजे. मग दोघांकडे पाच गुंठ्यांच्या वर, सहाला थोडे कमी, असे अगदी सारखे. माझं गणित बाईंनी तपासलंय, त्यांची सही खाली आहे.

कातळावर खळं मात्र दोघांनीही करावं, तो कुणाच्याच वाट्यात धरलेला नाही.

तू दादाच्या हातचा चहा पिऊ नकोस, तो साखर विसरतो. तुझी पाठ मी अजून विसरले नाही. तशीच माया असू दे.

तुझी
चंद्रा


उंबरटेप
२९ एप्रिल १९५८

॥ श्री ॥

चि. चंद्रास अनेक आशीर्वाद. वि. वि. आज बांध पडला. तू यायला हवी होतीस.

उन्हं चढायच्या आत पंच आले. मी तुझं चित्र उघडलं आणि वाचलं. साडेबारा फूट म्हटल्याबरोबर भिवाजीनं हातातली काठी आपटली. तिला नव्वद फूट आणि मला पासष्ट, हा कुठला न्याय, पुण्यात बसून पोरगी माझी जमीन पळवते, असं काय काय बोलला. पंचही चुळबुळायला लागले. डोळ्यांना ते खरंच वाकडं दिसत होतं. मी कातळ वजा कसा जातो ते सांगायचा प्रयत्न केला, पण माझी जीभ अडखळली. तू असतीस तर नीट सांगितलं असतंस. मला वाटलं, फिसकटलं.

आणि मग भिवाजीची बायको बोलली. आजवर पंचांसमोर ती कधी दाराबाहेर उभी राहिली नव्हती. ती खाचरात उतरली आणि म्हणाली, मी रोपाच्या पेंढ्या वाहिल्यात. मधल्या खुणेपासून पल्याड जितक्या पेंढ्या लागत्यात, तितक्या अल्याड कातळाकडं लागत न्हाईत. लई कमी लागत्यात. चंद्रीचं खरं हाय. एवढं बोलून ती डोक्यावरचा पदर ओढून खाली बघत उभी राहिली. भिवाजी तिच्याकडे असा बघत होता, जणू झाडच बोललं. मी त्याला हसू शकत नाही, कारण माझंही तसंच झालं होतं. पाटलांनी खाकरून विचारलं की आता आणखी काही म्हणणं आहे का. भिवाजीनं नाही म्हणून मान हलवली आणि तो तिथंच ढेकळावर बसला.

आबांनी फितीचं एक टोक धरलं, मी दुसरं. खुणा ठोकल्या. सारजाकाकूनं पहिला दगड स्वतः आणला. मग आई, मग भिवाजीची बायको, मग आम्ही सगळेच. दुपारपर्यंत गुडघाभर बांध उभा राहिला. सारजाकाकू ना रडली, ना कुणाच्या पाया पडली. बांधावर बसून पायाची माती झाडत होती.

पंच उठले. भिवाजीही घरी जायला निघाला. त्याची रोजची वाट त्या बाजूनंच जाते. त्यानं बांध ओलांडायला पाय उचलला आणि तो पाय तसाच वर राहिला. त्याच्या लक्षात आलं असावं की पलीकडचं आता दुसऱ्याचं.  मग त्यानं पाय मागे घेतला आणि खाली मान घालून विचारलं की वयनी, ह्या अंगानं जाऊ का.

सारजाकाकूला कळेचना की तो कुणाला विचारतोय. तिनं मागं वळून पाहिलं, मागं कुणी नव्हतं. मग तिच्या ध्यानात आलं. आणि ती हसायला लागली. पदर तोंडाला न लावता, मान मागं टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिला हसताना मी जन्मात पाहिलं नव्हतं, चंद्रे. आबांनी नव्हतं, आईनं नव्हतं, आणि भिवाजी तर उन्हात नुसता थिजून उभा. हसता हसता तिनं हातानं त्याला खूण केली, जा म्हणून.

परीक्षा नीट दे आणि सुटीत लगेच ये. आमच्याकडून लोभ भरपूर, तुझ्याकडूनही तसाच यावा.

तुझा
जयसिंगदादा